वांग लिन आणि बाकीचे वांग लिन

"मी वांग लिन. अजून प्रसिद्ध न झालेला."

हात पुढे करताना माणसं नाव सांगतात, फार तर हुद्दा सांगतात. आपण अजून प्रसिद्ध झालेलो नाही ही माहिती पहिल्याच भेटीत, तीही छाती पुढे काढून देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आयर्लंडमधल्या गॉलवेत आमच्या कंपनीत माझा पहिला दिवस होता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या केसासारख्या बारीक नळ्या आमच्याकडे बनतात. त्या बनतात त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही, म्हणून आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, तोंडावर मास्क, उघडे फक्त डोळे. अशाच एका पांढऱ्या आकृतीतून हा आवाज आला. मला वाटलं, इंग्रजीचा काहीतरी घोटाळा असेल.

"म्हणजे बाकीचे वांग लिन प्रसिद्ध आहेत का?" मी आपलं गमतीत विचारलं.

"सगळे," तो गंभीरपणे म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत सांगतो."

आणि त्याने सांगितलं. माझा डबा तसाच राहिला. शेकडो वर्षांपूर्वी एक वांग लिन सेनापती होता, लढाई हरला तरी सैनिक त्याला सोडून गेले नाहीत. एक वांग लिन नदीवर बांध घालणारा अधिकारी होता. एक वैद्य होता, त्याने राजाच्या आईला कडू औषध पाजून वर शिव्याही खाल्ल्या. एक चित्रकार होता, तो जन्मभर फक्त बांबू काढत बसला. अलीकडच्या काळात एक धावपटू बाई झाली आणि एक पुलांचा इंजिनियर. प्रत्येकाची सुरुवात एकाच वाक्याने व्हायची, "आमच्यातला एक..."

आमच्यातला एक सेनापती होता. आमच्यातली एक ऑलिम्पिकची तयारी करत होती. हे ऐकून कोणालाही वाटेल की हा एका मोठ्या घराण्याचा वारस आहे. मलाही वाटलं. रिसेप्शनवरच्या ब्रिजिडला तर खात्रीच होती की वांग लिनच्या अंगात राजघराण्याचं रक्त आहे. ती इतरांना नुसतं "हाय" म्हणायची आणि त्याच्यासाठी मात्र खुर्चीतून किंचित उठायची.

"छे, छे. रक्ताचं काही नातं नाही," मी विचारलं तेव्हा तो म्हणाला. "फक्त नाव एक."

"मग त्यांचा एवढा अभिमान कशाला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "प्रशांत, रक्ताचं नातं कोणालाही असतं. त्यात आपण काय करतो? नाव मात्र सांभाळावं लागतं. माझ्याआधी इतक्या लोकांनी ते स्वच्छ ठेवून माझ्या हातात दिलंय."

स्वच्छ ठेवलं हे अगदीच खरं नव्हतं. इतक्या शतकांत एखादा नग निघणारच. एकदा आमच्या एका तरुण इंजिनियरने कुठूनतरी शोधून काढलं की जुन्या काळात एक वांग लिन नावाचा लाचखोर मंत्रीही होऊन गेला. वांग लिनने मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "कोणता लिन?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. चिनी भाषेत उच्चार एक आणि अक्षरं वेगळी, असं फार होतं. एक लिन म्हणजे रत्न, एक लिन म्हणजे जंगल, एक कुठलातरी चमत्कारिक शिंगवाला प्राणी. अक्षरही जुळलं तर तो आपला सख्खा, नुसता उच्चार जुळला तर शेजारचा, असा वांग लिनचा हिशेब. शेजारच्यांचंही कौतुक करायचं, पण हातचं राखून. आणि गंमत अशी की ज्याची कीर्ती धड नाही, त्याचा लिन हमखास दुसऱ्या अक्षराचा निघायचा. तो मंत्रीसुद्धा शेजारचाच निघाला.

"आणि तुझा लिन कोणता?" मी विचारलं.

त्याने पाण्यात बोट बुडवून टेबलावर एक गिचमिड अक्षर काढलं. "माझा लिन म्हणजे पाऊस. साधा नाही. लागला की दिवसच्या दिवस थांबतच नाही, तो. आजोबांनी ठेवलंय नाव." मग खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर गॉलवेचा पाऊस आडवा येऊन काचेवर आपटत होता. "मला इथे नोकरी लागली तेव्हा लोक म्हणाले, फार पाऊस असतो तिकडे. मी म्हटलं, मग तिथे माझं नाव आधीच पोचलंय."

त्या उन्हाळ्यात माझी आई कऱ्हाडहून आमच्याकडे राहायला आली. वांग लिन आमच्याच भागात, दोन गल्ल्या सोडून, एकटा राहायचा. लग्नाचं विचारलं की "राहून गेलं" एवढंच म्हणायचा आणि दुसऱ्या कोणाच्यातरी लग्नाची गोष्ट सांगायला लागायचा. रविवारी सकाळी तो आमच्याकडे यायचा आणि आम्ही समुद्राकाठच्या रस्त्याने शेवटच्या भिंतीपर्यंत चालत जायचो. गॉलवेत रीत आहे, त्या भिंतीला लाथ मारल्याशिवाय फेरी पुरी झाली असं धरत नाहीत. वांग लिन लाथ मारायच्या आधी भिंतीला किंचित वाकून नमस्कार करायचा.

पहिल्या रविवारी मी आईला त्याचं नाव सांगितलं.

"वांगे?" आईने विचारलं. "आपल्याकडचे हायेत व्हय?"

"वांगे नाही गं, वांग. चीनचा आहे तो."

"आसंना का. वांगेसायेब, बसा." आणि तिने त्याच्यासमोर थालीपीठ ठेवलं.

मी भाषांतर केलं. आपल्या नावाशी जुळणारं आडनाव महाराष्ट्रातही आहे हे ऐकून वांग लिनचा चेहरा उजळला. त्याचा मराठीत अर्थ काय, असं त्याने विचारलं. मी जरा घुटमळत वांग्याचा अर्थ सांगितला. मला वाटलं, आता रागावतो. पण तो म्हणाला, "चांगली भाजी आहे. आमच्याकडे लसूण घालून करतात." मग त्याने आपल्या लिनचा, म्हणजे दिवसच्या दिवस न थांबणाऱ्या पावसाचा अर्थ आईला सांगायला लावला. मी म्हटलं, "आई, म्हणजे असा पाऊस की जो एकदा सुरू झाला की..."

"झड," आई म्हणाली. "येवढं काय घोळवतूयास? सरळ झड म्हन की."

मी वांग लिनला सांगितलं की ज्या गोष्टीसाठी त्याला इंग्रजीत अख्खं वाक्य लागतं, तिला आमच्या आईकडे एक शब्द आहे. तो उठून उभा राहिला. "झद," म्हणाला. आईने सुधारलं, "झड." त्याने आणखी दोनदा म्हणून पाहिलं. परदेशात इतकी वर्षं राहून आपल्या नावाचा एका शब्दात अर्थ सांगणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली होती. ती परत जाईपर्यंत तो दर रविवारी तिच्यासाठी संत्री आणायचा, दोन्ही हातांनी द्यायचा. ती त्याच्याशी मराठीत बोलायची, तो तिच्याशी चिनीत, आणि मी मध्ये तोंड घातलं की दोघंही वैतागायचे.

याच काळात त्याला कळलं की गॉलवेत आणखी एक प्रशांत गायकवाड आहे.

आता ह्यात विशेष काही नाही. आमच्या मराठी मंडळात आम्हाला उंच प्रशांत आणि टकला प्रशांत म्हणतात. मी उंच नाही. दुसऱ्या प्रशांतचा आणि माझा संबंध म्हणजे त्याची पार्सलं माझ्याकडे यायची आणि माझ्या दातांच्या डॉक्टरचे मेसेज त्याला जायचे. त्यावरून आमची थोडी कुरबूरही होती. हे मी हसत हसत सांगितलं तर वांग लिन हादरलाच.

"तुम्ही दोघं कधी एकत्र जेवला नाहीत?"

"नाही बुवा. कशाला?"

"आणि तुमच्याआधीचे प्रशांत गायकवाड? त्यांनी काय केलं?"

"कोणास ठाऊक! असतील पुण्यात पाच-पन्नास."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी देव्हारा भंगारात विकला होता. पुढच्याच शनिवारी त्याने आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलं, समोरासमोर बसवलं, आणि मासा मधोमध ठेवून म्हणाला, "आता एकमेकांना सांगा. हे नाव घेऊन तुम्ही आजवर काय केलंत?" आयुष्यात कोणी विचारला नसेल असा प्रश्न. उंच प्रशांतने आधी घसा खाकरला. मग हळूहळू सांगायला लागला की त्याने कॉलेजात असताना गणपतीच्या विसर्जनाला नदीत बुडणाऱ्या एकाला बाहेर काढलं होतं. बायकोलाही हे त्याने धड सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं की मी आठवीत जिल्ह्यात बुद्धिबळात पहिला आलो होतो. वांग लिन दोघांकडे आळीपाळीने बघत होता, आणि खरं सांगतो, त्या दिवशी घरी परतताना मला स्वतःच्या नावाबद्दल जरा बरं वाटत होतं. उंच प्रशांत आता माझा मित्र आहे. पार्सलं अजून चुकतातच.

ऑफिसात वांग लिनला सगळे मानत होते, पण त्याचं नेमकं करायचं काय हे कोणाला कळत नव्हतं. एके दिवशी तो मोठा केक घेऊन आला. कसला केक, तर सेनापतीचा स्मृतिदिन. "कधी वारले?" ब्रिजिडने हळुवार आवाजात विचारलं. दीड हजार वर्षं होत आली असतील, हे ऐकून ती क्षणभर थबकली, पण आयरिश माणूस अशा प्रसंगी कधी कमी पडत नाही. "अरे रे, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो," ती म्हणाली आणि तिने केकचा कोपऱ्यावरचा तुकडा उचलला. मग येणारा प्रत्येक जण दोन शब्द सांत्वनाचे बोलून केक घेऊन गेला. वांग लिन दाराशी उभा राहून मान लववून सगळ्यांचं सांत्वन स्वीकारत होता.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ब्रिजिडने त्याला फोन जोडून दिला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. पलीकडे नोरा नावाच्या कोणी बाई होत्या. दक्षिणेकडच्या केरी परगण्यात, समुद्राकाठच्या एका छोट्या गावात त्यांचं हॉटेल होतं. त्यांच्याकडे पुष्कळ वर्षं स्वयंपाक करणारे एक चिनी गृहस्थ अर्धांगाचा झटका येऊन तिथल्या ट्रली शहरातल्या इस्पितळात पडले होते. त्यांना जी काही इंग्रजी येत होती ती झटक्यासरशी गेली. उरली फक्त त्यांची भाषा. ते दिवसभर काहीतरी सांगत होते, चिडत होते, रडत होते, आणि त्यातलं एक अक्षर नोरांना कळत नव्हतं. नातेवाईक कोणी नाहीत. शेवटी त्या बाईंनी त्यांचं नाव इंटरनेटवर टाकून पाहिलं, तर आयर्लंडमध्ये त्या नावाचा एकच माणूस सापडला, आमच्या कंपनीत.

"त्यांचं नाव वांग लिन आहे," नोरा म्हणाल्या. "तुम्ही त्यांचे कोणी लागता का?"

मी वांग लिनकडे बघत होतो. तो खुर्चीत सरळ झाला.

"हो," तो म्हणाला.

शनिवारी आम्ही निघालो. त्याला लांबवर गाडी चालवायची सवय नव्हती म्हणून मी बरोबर गेलो. लिमरिक येईपर्यंत तो फार खुशीत होता. आयर्लंडमध्ये आमच्यातला एक, आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. लिमरिक मागे पडल्यावर मात्र आपल्याच तळव्यावर बोटाने अक्षर गिरवत बसला. मग म्हणाला, "कोणता लिन असेल?"

"दुसरा असला तर?" मी विचारलं.

त्याने सीटबेल्ट नीट केला. "बघू," म्हणाला.

इस्पितळात खाटेवर एक वाळकुडे म्हातारे गृहस्थ होते. पांढरे केस कपाळावर आलेले, उजवा हात पांघरुणावर निर्जीव पडलेला. शेजारी लाल स्वेटर घातलेल्या ठेंगण्या नोराबाई. वांग लिन वाकून चिनीत काहीतरी बोलला आणि म्हाताऱ्याचे डोळे एकदम मोठे झाले. ते इतक्या वेगाने बोलायला लागले की वांग लिनला दोनदा थांबवावं लागलं. ते उत्तरेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावरचे होते, त्यांची बोली वेगळी, त्यात अर्धं तोंड वाकडं. वांग लिन कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकत राहिला. मग नोराबाईंकडे वळला.

"ते म्हणतात, मोठं पातेलं गॅसवर राहिलंय. हाडांचा रस्सा उकळतोय. कोणीतरी गॅस बंद करा, नाहीतर हॉटेल जळेल."

नोराबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं आई गं. हेच सांगत होते इतके दिवस? त्यांना सांगा, मी बंद केला. ते पडले त्याच क्षणी बंद केला. मी माझ्या हाताने केला." त्या हसत होत्या की रडत होत्या ते समजत नव्हतं. वांग लिनने सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि उशीवर डोकं टेकलं. नर्स म्हणाली, इथे आल्यापासून पहिल्यांदाच ते असे शांत पडलेत.

थोड्या वेळाने वांग लिनने तो प्रश्न विचारलाच. भाषा कळत नसली तरी मला कळलं, कारण म्हाताऱ्याने डावा हात पुढे केला, वांग लिनचा तळवा उघडला आणि त्यावर बोटाने अक्षर काढलं. एक झाड. शेजारी तसंच दुसरं झाड.

"जंगल," वांग लिन मला म्हणाला. म्हणजे हे म्हातारबाबा सख्खे नव्हते. शेजारचे होते.

तो आता उठेल, नमस्कार करेल आणि आम्ही परत निघू, असं मला वाटलं. त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली. म्हाताऱ्याचा तळवा आपल्या हातात घेतला आणि त्यावर स्वतःचं अक्षर काढलं, आधी वरचा भाग, मग खालचा. मी वाकून पाहिलं. खाली तीच दोन झाडं होती.

"अक्षर तेच आहे," तो मला म्हणाला. "माझ्या जंगलावर फक्त पाऊस पडतोय."

त्यानंतर तो दर शनिवारी ट्रलीला जायला लागला. कधी मी बरोबर असायचो, बहुतेकदा तो एकटाच. लांबवर गाडी चालवायची भीती कुठल्या कुठे गेली. जाताना डब्यात पातळ भात आणि आल्याचं लोणचं न्यायचा. तिकडे बसून तो म्हाताऱ्याला सेनापती, वैद्य, बांबूवाला चित्रकार, सगळे एकेक करून सांगायचा. म्हातारे ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "हे सगळे मोठे लोक. मी कोणी नाही. मी नूडल्स करायचो."

ते वांग लिनला पटलं नाही. तो नोराबाईंकडे गेला आणि त्यांना विचारलं, "ह्यांनी काय केलं ते मला सांगा." नोराबाईंनी सांगितलं. एका हिवाळ्यात मोठं वादळ झालं, झाडं पडली, रस्ते बंद, अख्ख्या गावाची वीज गेली. ह्यांच्या स्वयंपाकघरात तेवढा गॅस होता. ते त्या चुलीपुढून हलले नाहीत. घरोघरची माणसं आपापलं भांडं घेऊन मागच्या दाराशी यायची, ह्यांनी एकालाही रिकाम्या हाताने पाठवलं नाही. साठवणीतलं सगळं संपल्यावर मच्छीमारांनी आणून दिलेले मासे शिजवले. वीज आली तेव्हा ते तांदळाच्या पोत्यावर बसल्या बसल्या झोपले होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वांग लिन उभा राहिला. "आमच्यातल्या एकाने," तो म्हणाला, "वादळात पूर्ण गावाला जेवू घातलं." सेनापतीचं सांगताना त्याचा आवाज असा कधीच लागला नव्हता.

वसंत ऋतूत म्हातारे गेले. झोपेतच गेले. तिकडच्या रीतीप्रमाणे निधनाची बातमी लगेच इंटरनेटवर लागली आणि केरीच्या रेडिओवर वाचली गेली. 'वांग लिन, शांतपणे.' ब्रिजिडची बहीण केरीत राहते. तिने ऐकलं, ब्रिजिडला कळवलं आणि आमच्या ऑफिसात हाहाकार उडाला. मी सुट्टीवर होतो, खुलासा करायला कोणी नव्हतं. दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर फुलं आणि मेणबत्ती ठेवली गेली. कोणीतरी त्याचा कप धुऊन पालथा घालून ठेवला. आणि तेवढ्यात, सकाळची रजा घेतलेला वांग लिन दारातून आत आला. ब्रिजिडने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती मटकन खाली बसली.

"मी नाही," तो म्हणाला. "आमच्यातला एक."

फुलं मात्र त्याने परत केली नाहीत. ती आम्ही केरीला घेऊन गेलो.

आयर्लंडमध्ये मयताच्या घरची माणसं शवपेटीशेजारी ओळीने उभी राहतात आणि गाव येऊन एकेकाशी हात मिळवून जातं. नोराबाईंनी वांग लिनला सांगितलं, घरचा म्हणून तुम्हीच उभे राहा. तो उभा राहिला. मग इकडेतिकडे बघून त्याने मला बोलावलं.

"अरे, मी कसा घरचा?" मी कुजबुजलो.

"एकट्याची ओळ होत नाही, प्रशांत."

म्हणून मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. माझ्यापलीकडे लाल स्वेटर बदलून काळा घातलेल्या नोराबाई. आणि गाव आलं. मच्छीमार आले, शाळेच्या बाई आल्या, काठी टेकत म्हाताऱ्या आल्या. "सॉरी फॉर युअर ट्रबल," हे तिथलं सांत्वनाचं ठरलेलं वाक्य म्हणत प्रत्येकाने माझाही हात दाबला. एका शेतकऱ्याने माझ्या टकलाकडे निरखून पाहिलं. "धाकटे भाऊ का?" त्याने विचारलं. मी कऱ्हाडचा, म्हाताऱ्याला फार तर चारदा भेटलेलो. पण तेव्हा मला नाही म्हणवेना. रांग दाराबाहेर रस्त्यावर गेली होती. जो तो काहीतरी सांगत होता. ह्यांनी माझ्या आजारी आईसाठी सूप पाठवलं होतं. मी परीक्षेत नापास झालो तेव्हा ह्यांनी मला मागच्या दाराने बोलावून तळलेले मोमो खाऊ घातले होते. वांग लिन प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेत होता, त्यामुळे रांग हलतच नव्हती.

शेवटी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो शवपेटीवर हात ठेवून उभा राहिला. "ह्या नावाचे सेनापती झाले, वैद्य झाले, राजाच्या दरबारातली माणसं झाली," तो म्हणाला. "त्यांच्यातल्या कोणासाठीही इतके लोक हात मिळवायला आले असतील असं मला वाटत नाही. हे नाव मी ह्यांच्यानंतर वापरणार आहे. मला फार अभिमान वाटतो." एवढं बोलून तो खाली बसला. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

परत येताना आम्ही शॅनन नदी बोटीने ओलांडायचं ठरवलं. गाडी बोटीवर चढवून आम्ही कठड्याशी जाऊन उभे राहिलो. स्वच्छ दुपार होती, वारा होता, नदी समुद्राएवढी रुंद दिसत होती. मी म्हटलं, "फार मोठं काम केलंस तू. परक्या माणसासाठी कोण करतं एवढं?"

तो पाण्याकडे बघत राहिला.

"माझे वडील गेले तेव्हा मी इथे होतो," तो म्हणाला. "साथीमुळे विमानं बंद होती. इस्पितळात कोणाला आत सोडत नव्हते. शेजारच्या खाटेवर एक माणूस होता, तोही आजारी, हाताला सलाईन. मला वडील दिसावेत म्हणून तो रोज उठून फोन धरायचा. हात दुखला की दुसऱ्या हाताने धरायचा. एका हाताने त्यांचं तोंड पुसायचा. वडिलांना ऐकू कमी यायचं, म्हणून मी बोललेलं त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगायचा. मी म्हणायचो, बाबा, जेवा. तो ओरडायचा, बाबा, जेवा."

मी त्याच्याकडे वळलो.

"शेवटच्या दिवशीही तोच होता. नंतर मी इस्पितळात फोन केला, तर त्या खाटेवर दुसरा कोणीतरी आला होता. हा घरी गेला की कुठे गेला, कोणालाच सांगता येईना." तो थांबला. "मी त्याला काका म्हणत होतो. नाव विचारलंच नाही, प्रशांत. रोज बोलायचो आणि नाव विचारायचं राहून गेलं."

किनारा जवळ आला. लोक गाड्यांकडे निघाले, आम्हीही येऊन बसलो. गाडी त्याने चालवायला घेतली. बोटीची पुढची लोखंडी फळी खडखडत खाली गेली आणि पिवळं जाकीट घातलेला एक माणूस एकेक गाडीला हात करून बाहेर सोडू लागला. आमची पाळी आली. त्याने हात केला. वांग लिनने गाडी पुढे घेण्याऐवजी काच खाली केली.

"तुमचं नाव काय?" त्याने विचारलं.

"माझं?" तो माणूस गोंधळला. वाऱ्यात टोपी धरत तो खिडकीशी वाकला. "माइक. का हो, काही चुकलं का?"

"नाही, नाही," वांग लिन म्हणाला. "थँक्यू, माइक."

आणि त्याने गाडी किनाऱ्यावर घेतली.